ट्रोपोनिन वाढलंय, अँजिओग्राफी क्लीन, मग आईला झालं काय? टाकोत्सुबोचे रिपोर्ट कसे वाचायचे

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आई ६६ वर्षांच्या, वडील गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी छातीत दुखायला लागलं, दम लागला. तालुक्याच्या हॉस्पिटलात ईसीजीत बदल दिसले, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी रक्ताची टेस्ट) ०.६२ आलं म्हणून ॲटॅक धरून शहरात हलवलं. तिथे अँजिओग्राफीत एकही ब्लॉक नाही, पण इकोमध्ये हृदयाचं टोक जवळजवळ हलतच नाहीये, इएफ (दर ठोक्याला हृदय आतल्या रक्तापैकी किती बाहेर फेकतं ते) ३२ टक्के. दुसऱ्या दिवशी ट्रोपोनिन ८९०, चौथ्या दिवशी ४१०, सीके-एमबी (स्नायूच्या इजेची दुसरी टेस्ट) ३१, एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी) ८,७४०, पांढऱ्या पेशी १३,४००, सीआरपी (सुजेची टेस्ट) २२, पोटॅशियम ३.२, साखर १९२ पण एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ५.८, क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट) ०.९. डॉक्टर म्हणाले टाकोत्सुबो, म्हणजे बऱ्याचदा धक्क्यानंतर हृदयाचा काही भाग तात्पुरता बधिर होणं, आठवड्याच्या आत घरी सोडलं, आणि आता तुम्ही फाईल उघडून बसलाय की ट्रोपोनिन वाढलं तर ॲटॅक नाही कसा, ०.६२ चं एका रात्रीत ८९० कसं झालं, कुठे इन्फेक्शन राहून गेलंय का, आणि हा आजार पक्का करणारी एखादी रक्ताची टेस्ट करायची राहिली का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो, कारण लोक त्याच्यावरच सगळ्यात जास्त पैसे घालवतात. अशी टेस्ट नाहीये. टाकोत्सुबो पक्का करणारी एकही रक्ताची तपासणी आज रोजच्या वापरात नाही, कुठली लॅब पॅकेज विकत असेल तरी नाही. रक्तातल्या मायक्रो-आरएनए नावाच्या सूक्ष्म रेणूंवर संशोधन झालंय, ॲटॅक आणि टाकोत्सुबो वेगळे ओळखता येतात का ते बघितलंय, पण ते अजून वॉर्डात आलेलं नाही. मग रिपोर्टचा उपयोग काय, तर एकेका आकड्याचा फारसा नाही, पण आकड्यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही ना, तो न बसणं हीच खूण आहे. तुमच्या आईंच्या फाईलमध्ये ती खूण अगदी ठळक दिसतेय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं ते ०.६२ आणि ८९० चं. हे वाचून तुम्हाला झोप लागली नसणार, हजार पटीने वाढलं म्हणून. तसं काही झालेलं नाही. दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि आकड्याच्या पुढे बारीक अक्षरात युनिट काय छापलंय ते बघा. तालुक्याच्या लॅबने नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटरमध्ये दिलंय, शहरातल्या लॅबने नॅनोग्रॅम प्रति लिटरमध्ये, म्हणजे ०.६२ म्हणजेच ६२०. तर तुमचा प्रवास ६२०, ८९०, ४१० असा आहे, वर गेलं आणि उतरलं. काही लॅब पिकोग्रॅम प्रति मिलिलीटर छापतात, ते आणि नॅनोग्रॅम प्रति लिटर एकच. आणि अजून एक, दोन लॅबची मशीन वेगळ्या कंपनीची असतील तर ट्रोपोनिन आयचे आकडे तसेही एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, ट्रोपोनिन टी असेल तर ती वेगळीच टेस्ट. म्हणून चढ-उतार बघायचा तर एकाच मशीनवर बघावा असं आम्ही नेहमी सांगतो, पण पेशंट ॲम्ब्युलन्समध्ये असताना ते कोण पाळणार. नॉर्मलची मर्यादाही किटप्रमाणे बदलते, हाय सेन्सिटिव्हिटी ट्रोपोनिन टीला ती १४ आहे, एका नेहमीच्या हाय सेन्सिटिव्हिटी ट्रोपोनिन आयला बायकांसाठी १६ आणि पुरुषांसाठी ३४ नॅनोग्रॅम प्रति लिटर, त्यामुळे 'किती पट वाढलं' हेसुद्धा किट बघितल्याशिवाय बोलायचं नाही. आणि ज्या ठिकाणी फक्त कार्ड टेस्ट होते, दोन रेघा आल्या की पॉझिटिव्ह, तिथे तर हा सगळा विचार करायला आकडाच हातात नसतो.

आता, वाढलं तर ॲटॅक नाही कसा. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूच्या पेशीतलं प्रोटीन, ते रक्तात आलं याचा अर्थ पेशीला इजा झाली एवढाच. इजा कशामुळे झाली हे ट्रोपोनिनला माहीत नसतं. रक्तवाहिनी बंद पडून स्नायू मेला तरी वाढतं, मायोकार्डायटिसमध्ये (हृदयाच्या स्नायूला सूज) वाढतं, किडनी फेल असेल, सेप्सिस (इन्फेक्शन अंगभर भिनणं) असेल, फुप्फुसात गुठळी गेली असेल तरी वाढतं, आणि टाकोत्सुबोमध्येही बहुतेकांचं वाढतंच. युरोप-अमेरिकेतल्या हॉस्पिटलांनी मिळून इंटरटाक नावाची मोठी रजिस्ट्री केली, २०१५ साली तिचे १,७५० पेशंटचे निष्कर्ष आले, त्यात सुमारे ८७ टक्के लोकांचं ट्रोपोनिन भरती होताना वाढलेलं होतं आणि मधला आकडा नॉर्मल मर्यादेच्या ७.७ पट होता. गंमत म्हणजे तुलनेला घेतलेल्या ॲटॅकच्या पेशंटमध्येही भरतीच्या वेळचं ट्रोपोनिन साधारण तेवढंच होतं. म्हणजे कॅज्युअल्टीत पहिल्या ट्रोपोनिनवरून हे दोन आजार वेगळे करता येत नाहीत, कोणालाच नाही, म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांनी ॲटॅक समजून गोळ्या दिल्या आणि पुढे पाठवलं ते शंभर टक्के बरोबर केलं, त्यांच्यावर राग धरू नका.

फरक कळतो तो पुढे, ट्रोपोनिन शिखरावर जाऊन उतरतं तेव्हा आणि इको शेजारी ठेवल्यावर. तुमच्या आईंचं हृदय बघा, टोकाकडचा सगळा भाग बंद, इएफ ३२. एवढा भाग जर खरोखर समोरची मोठी रक्तवाहिनी बंद पडून मेला असता तर ट्रोपोनिन दहा-वीस हजारांच्या पुढे गेलं असतं, पुष्कळदा मशीनची वरची मर्यादाच ओलांडतं. इथे शिखर किती, ८९०. इको सांगतंय की घराला आग लागलीये आणि ट्रोपोनिन सांगतंय की चुलीतून थोडा धूर आलाय. दोन्ही खरं आहे, कारण स्नायू मेलेला नाही, तो बधिर झालाय. पेशी जिवंत आहेत, आकुंचन पावायचं थांबल्यात, थोड्या गळतायत. म्हणूनच काही दिवसांत, काही आठवड्यांत हृदय पुन्हा हलायला लागतं, जे मेलेल्या स्नायूच्या बाबतीत होत नाही. बायोप्सी सहसा कोणी करत नाही, पण ज्यांची झाली त्यात मायक्रोस्कोपखाली जे दिसतं तेही ॲटॅकसारखं नसतं, स्नायू आखडून पट्टे पट्टे पडल्यासारखे दिसतात, जे ॲड्रिनॅलिनच्या, म्हणजे धक्का बसला की शरीरात सुटणाऱ्या हार्मोनच्या, माऱ्याने होतं.

सीके-एमबी ३१ हे पण याच ओळीत बसतं. इंटरटाकमध्ये सीकेचा (सीके-एमबी हा त्याचाच एक प्रकार) मधला आकडा नॉर्मल मर्यादेच्या आतच होता, ०.८५ पट. ट्रोपोनिन पॉझिटिव्ह आणि सीके जेमतेम हलतंय अशी जोडी दिसली की आमचे कान टवकारतात. पण स्वतंत्र टेस्ट म्हणून सीके-एमबीला मी आता फार किंमत देत नाही, आपल्याकडच्या लहान लॅबमध्ये ती ॲक्टिव्हिटी पद्धतीने होते आणि दुसऱ्या कारणांनीही थोडी वर येते.

आता खरी गंमत एनटी-प्रोबीएनपीमध्ये आहे, आणि माझ्या मते या आजारात हाच सगळ्यात बोलका आकडा. हे हार्मोन हृदयाच्या भिंतीवर ताण आला की स्नायूच सोडतो, पेशी मरायची गरज नाही. टाकोत्सुबोमध्ये डाव्या कप्प्याचा मोठा भाग फुग्यासारखा फुगून बसतो, भिंती ताणल्या जातात, त्यामुळे हा आकडा भसाभस वाढतो, तेवढ्याच ट्रोपोनिनच्या ॲटॅकपेक्षा कितीतरी जास्त. तीव्र हार्ट फेल्युअर नाही असं म्हणायला तो ३०० च्या खाली लागतो, ५० ते ७५ वयात ९०० च्या वर गेला तर फेल्युअरची शक्यता मोठी धरतात, आणि तुमच्या आईंचा ८,७४०. ट्रोपोनिन कमी, प्रोबीएनपी प्रचंड, हृदयाचा मोठा भाग बंद, रक्तवाहिन्या मोकळ्या. हा मेळ न बसणारा चौकोन म्हणजे टाकोत्सुबो. काही संशोधकांनी या दोन आकड्यांचा भागाकार करून रेशो काढलेत आणि ते चांगले चालतात असं दिसलंय, पण प्रत्येक किटचा आकडा वेगळा, वय वाढलं की प्रोबीएनपी वाढतं, किडनी बिघडली की वाढतं, एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (हृदयाचे ठोके अनियमित होणं) वाढतं, जाड माणसात उलट कमी दिसतं, त्यामुळे अमुक रेशोच्या वर म्हणजे टाकोत्सुबो अशी रेघ मी तरी ओढत नाही. आईंचं क्रिएटिनिन ०.९ आहे म्हणून त्यांच्या बाबतीत किडनीची शंका बाजूला ठेवता येते, एवढं मात्र नक्की.

प्रोबीएनपीबद्दल अजून एक, कारण पुढच्या महिन्यात तुम्ही ते परत कराल आणि घाबराल. ते पहिल्या-दुसऱ्या दिवशी शिखर गाठतं आणि मग रेंगाळत उतरतं. इको सुधारलं, आई जिना चढायला लागल्या तरी आकडा नॉर्मलच्या वर असू शकतो, कधीकधी तीन-तीन महिने. उतरणीला लागलाय ना, एवढंच बघायचं. आणि परत करताना तीच टेस्ट करा, बीएनपी आणि एनटी-प्रोबीएनपी वेगळ्या आहेत, एकीचा आकडा दुसरीशी लावायचा नाही. त्यात हार्ट फेल्युअरची सॅक्युबिट्रिलवाली गोळी चालू असेल तर साधं बीएनपी त्या गोळीनेच वाढतं, एनटी-प्रोबीएनपीला तो त्रास नाही.

इन्फेक्शन राहिलंय का, तर तुम्ही लिहिलेल्यात तसं काही दिसत नाही. पांढऱ्या पेशी १३,४००, साखर १९२ आणि पोटॅशियम ३.२ हे तिन्ही एकत्र बघा. ॲड्रिनॅलिनचा लोंढा आला की भिंतीला चिकटून बसलेल्या पांढऱ्या पेशी रक्तप्रवाहात येतात, लिव्हर साखर सोडतं, आणि पोटॅशियम रक्तातून पेशींच्या आत ढकललं जातं. एचबीएवनसी ५.८ म्हणजे फार तर प्रीडायबेटिस, ती १९२ साखर त्या दिवसाची आहे, लगेच डायबेटिसच्या गोळ्या सुरू करू नका, दीड-दोन महिन्यांनी उपाशीपोटी बघा. सीआरपी २२ हे सुजेचं आहे. टाकोत्सुबोमध्ये स्नायूला सूज येतेच, एमआरआयमध्ये ती दिसते, आणि स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या ग्रुपने २०१९ मध्ये दाखवलं की रक्तातल्या सुजेच्या काही खुणा पाच महिन्यांनंतरही पूर्ण शमलेल्या नसतात. ताप नाही, खोकला नाही, लघवीचा त्रास नाही तर नुसत्या २२ सीआरपीवर अँटिबायोटिक नको. हां, सीआरपी खूप वर असेल, ताप असेल आणि ट्रोपोनिन उतरायचं नाव घेत नसेल तर मात्र मायोकार्डायटिसचा विचार करून एमआरआय करावाच लागतो.

त्या फाईलमधला मला एकच आकडा खरोखर खटकला, आणि नेमका त्याच्याबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत. पोटॅशियम ३.२. टाकोत्सुबोमध्ये ईसीजीवरचा क्यूटी (ठोक्यानंतर हृदय पुन्हा तयार व्हायला लागणारा वेळ) लांबतो, तोही पहिल्या दिवशी नाही तर दोन-तीन दिवसांनी जास्त, आणि लांबलेला क्यूटी, कमी पोटॅशियम, कमी मॅग्नेशियम हे तिघं एकत्र आले की जीवघेणी धडधड सुरू होऊ शकते. ॲटॅक नाही म्हणून सगळे निवांत होतात तेव्हाच हे होतं. आम्ही अशा पेशंटचं पोटॅशियम ४ च्या वर आणि मॅग्नेशियम २ च्या वर ठेवतो. सुटी मिळताना ते किती होतं ते कार्डावर शोधा, मॅग्नेशियम केलंच नसेल तर करून घ्या, फार खर्चाचं नाही. लघवी जास्त व्हायची गोळी चालू असेल तर आठवड्याभरात दोन्ही परत बघा. आणि दुःखात आहेत, झोप नाही म्हणून कोणी एस्सिटॅलोप्रामसारखी गोळी सुरू करत असेल, उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन, घशासाठी ॲझिथ्रोमायसिन, तर आधी ईसीजी काढून क्यूटी बघायला सांगा. या औषधांनी क्यूटी आणखी लांबतो. मनाचा आजार म्हणून औषध नको असं मी म्हणत नाहीये, नीट कळावं म्हणून लिहिलं.

आता ॲड्रिनॅलिन रक्तात मोजून का बघत नाहीत. बघितलंय. २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी १९ पेशंट घेतले, त्यातल्या काहींचं ॲड्रिनॅलिन मोजलं, त्याचा मधला आकडा १,२६४ पिकोग्रॅम प्रति मिलिलीटर आला आणि फुप्फुसात पाणी भरण्याइतक्या मोठ्या ॲटॅकच्या पेशंटमध्ये ३७६. केवढा फरक! पण नंतर सगळ्यांना एवढं वाढलेलं सापडलं नाही, आणि वॉर्डात याचा उपयोग शून्य, कारण ॲड्रिनॅलिन रक्तात काही मिनिटंच टिकतं, सॅम्पल बर्फात न्यावं लागतं, पेशंट उठून बसला तरी आकडा बदलतो, आणि रिपोर्ट येईस्तोवर पेशंट घरी गेलेला असतो.

कोकणात काम केलेल्या डॉक्टरांना मात्र हा लोंढा हृदयाचं काय करतो हे कोणी शिकवावं लागत नाही. लाल विंचू चावला की विषाने शरीरातलं ॲड्रिनॅलिन असंच एकदम सुटतं, धडधाकट मुलाचं हृदय काही तासांत मार खातं, फुप्फुसात पाणी भरतं, आणि तो पेशंट वाचला तर तेच हृदय काही दिवसांत पूर्ववत होतं. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून हे मृत्यू कसे खाली आणले ते सगळ्यांना माहीत आहे. तिथेही इको वाईट आणि स्नायू जिवंत, असाच प्रकार असतो. टाकोत्सुबोत विंचू नाही एवढंच. जपानमधल्या डॉक्टरांनी १९९० साली या आजाराला ऑक्टोपस पकडायच्या मडक्याचं नाव दिलं ते फुगलेल्या कप्प्याच्या आकारावरून, पण मूळ भानगड तीच, ॲड्रिनॅलिनची.

मग ॲड्रिनल ग्रंथीच्या गाठीची टेस्ट, फिओक्रोमोसायटोमाची, जी तुम्हाला कोणीतरी सुचवली. सरसकट गरज नाही. पण बीपी एकदम चढतं-उतरतं, घाम, डोकेदुखी आणि धडधड यांचे झटके आधीपासून येतायत, वय कमी आहे, आजार दुसऱ्यांदा झालाय, किंवा टोकाऐवजी हृदयाचा तळाचा भाग बंद पडलाय, असं काही असेल तर मी नक्की करतो. करायची तर प्लाझ्मा फ्री मेटानेफ्रिन (ॲड्रिनॅलिन मोडून बनणारे पदार्थ मोजणारी टेस्ट) करा, रक्त घ्यायच्या आधी अर्धा तास आडवं पडून, आणि आजारातून उठल्यावर काही आठवड्यांनी. आयसीयूत असताना केली तर आजारानेच वाढलेली येते आणि मग पोटाचं सीटी स्कॅन, पुन्हा टेस्ट, असं चक्र सुरू होतं. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनीही आकडा वर येतो, लॅबला आधी सांगा. थोडीशी वाढ म्हणजे गाठ नव्हे. टीएसएच केलं नसेल तर मात्र कोणाच्याही बाबतीत करून टाकावं, थायरॉइड जास्त असणं आणि हा आजार यांचं नातं आहे आणि टेस्ट स्वस्त आहे.

अँजिओग्राफी उगाच केली का असंही तुमच्या प्रश्नातून डोकावतंय. नाही, उगाच नाही. स्त्री, मानसिक धक्का, ईसीजीत एसटी नावाचा भाग खाली गेलेला नाही, क्यूटी लांबलाय, अशा गोष्टींना मार्क देऊन १०० पैकी स्कोअर काढायची पद्धत आहे, ७० च्या वर गेलं की टाकोत्सुबोची शक्यता मोठी, नुसतं स्त्री आणि मानसिक धक्का याचेच ४९ होतात. पण इंटरटाक रजिस्ट्रीत जवळपास १५ टक्के टाकोत्सुबोच्या पेशंटना रक्तवाहिनीचा आजारही होता. नवरा गेल्यावर खराखुरा ॲटॅक येणारेही असतात. रक्तवाहिन्या बघितल्याशिवाय हा आजार म्हणायला मी धजावणार नाही. आणि उलटही लक्षात ठेवा, त्याच रजिस्ट्रीत २८.५ टक्के लोकांना कुठलाच धक्का सापडला नाही, आणि शारीरिक कारणं, म्हणजे ऑपरेशन, दम्याचा झटका, मेंदूतला रक्तस्राव वगैरे, मानसिकपेक्षा जास्त होती. 'टेन्शन घेतलं म्हणून झालं' असं आईंना कृपया कोणी ऐकवू नका.

ॲटॅक नाही म्हणजे किरकोळ, असंही नाही. त्या रजिस्ट्रीत हॉस्पिटलमध्येच ४.१ टक्के गेले, आणि पुन्हा होण्याचं प्रमाण वर्षाला शंभरात दोनाच्या आसपास. म्हणून फॉलोअप नीट करा. ट्रोपोनिन पुन्हा पुन्हा करू नका, नवीन दुखणं नसेल तर त्यातून काही कळणार नाही. चार ते सहा आठवड्यांनी इको, तेव्हाच ईसीजी आणि एकदा एनटी-प्रोबीएनपी. इकोत दोन गोष्टी विचारा, इएफ किती झाला आणि टोकाशी गुठळी आहे का, कारण टोक हलत नसतं तेव्हा तिथे रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती डी-डायमर या गुठळीच्या रक्ताच्या टेस्टवरून कळत नाही, इकोवरच दिसते. इएफ पूर्ण सुधारला की निदानावरही शिक्कामोर्तब होतं. तीन महिन्यांनीही तो अडकलेला असेल तर एमआरआय करून दुसरं काही नाही ना ते बघायचं.

आणि डिस्चार्ज कार्ड परत एकदा वाचा. भरतीच्या दिवशी लिहिलेलं 'ॲक्यूट एमआय', म्हणजे हार्ट ॲटॅक, शेवटपर्यंत तसंच राहून गेलेलं मी पुष्कळदा बघतो. तसं असेल तर दुरुस्त करून घ्या, नाहीतर पुढचा प्रत्येक डॉक्टर त्यांना जुन्या ॲटॅकचा पेशंट धरून रक्त पातळ करायच्या दोन-दोन गोळ्या वर्षानुवर्षं चालू ठेवेल, ज्यांची रक्तवाहिन्या मोकळ्या असताना सहसा गरज नसते. आता ज्या चालू आहेत त्या मात्र मनाने बंद करू नका, फॉलोअपला हाच प्रश्न विचारा. अँजिओग्राफीची सीडी आणि ट्रोपोनिनचे तिन्ही कागद एकाच फाईलमध्ये लावा, आणि तालुक्याच्या रिपोर्टवर पेनाने युनिट मोठं लिहून ठेवा.